टेबलावरच्या दिव्याची किंमत

व्याख्यानमालेत इतिहासाचे नाव निघाले की लढाया, तह आणि राजवंश ह्यांची आपण अपेक्षा करतो. माझा आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. टेबलावर ठेवावयाचा विजेचा एक दिवा, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी तयार झालेला, आज मोबाइलच्या पडद्यावर विकावयास निघतो, त्याला 'व्हिंटेज' हे बिरूद लागते, आणि त्याची किंमत कधी कधी कंत्राटी कामगाराच्या महिन्याच्या पगारापर्यंत जाऊन पोहोचते. ही किंमत आली कोठून, ती कोणाच्या पदरात पडते, आणि ती ठरविताना खरेखोटे कसे निवडावे, एवढ्या तीनच प्रश्नांचा मी विचार करणार आहे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणी घडविली आणि कोणी वापरली, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो.

हा विषय सांताक्रूझमध्ये काढण्यास तसेच कारण आहे. ह्या उपनगरात आज गल्लोगल्ली जुन्या इमारती पडत आहेत आणि त्यांच्या जागी नव्या उठत आहेत. पुनर्विकासाच्या करारावर सह्या झाल्या की घर रिकामे करावे लागते, पोटमाळा उतरवावा लागतो, आणि त्याबरोबर आजोबांच्या टेबलावरचा स्प्रिंगांच्या हाताचा दिवाही खाली येतो. नव्या घरात त्याला जागा नसते. भंगारवाला येतो, दिवा तराजूत पडतो. तराजूला लोखंड तेवढे कळते, इतिहास कळत नाही. तोच दिवा पुढे कोणीतरी पुसून, तारा बदलून, पांढऱ्या भिंतीपुढे ठेवून त्याचे छायाचित्र काढतो, आणि किलोवर गेलेली वस्तू नगावर विकली जाते. ह्या दोन भावांमधील अंतर म्हणजेच आजच्या व्याख्यानाचा विषय, असे म्हणावयास हरकत नाही.

आधी उजेडाचा इतिहास थोडक्यात पाहू. मुंबई शहरात 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही कंपनी १९०५ मध्ये निघाली आणि १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावू लागली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील केंद्रातून पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईस आली, ती मुख्यतः गिरण्यांसाठी. आपल्या उपनगरांना त्यानंतरही वाट पाहावी लागली. 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. जुनी माणसे जिला 'बीएसईएस' म्हणून ओळखतात आणि जिची मोठी कचेरी येथेच सांताक्रूझ पूर्वेस होती, तीच ही कंपनी. पुढे ती रिलायन्सकडे गेली, आणि २०१८ मध्ये उपनगरांतील वीजवाटपाचा हा व्यवसाय अदानींकडे आला. मालक बदलले, बिलावरचे नाव बदलले. खांबावर चढणारा वायरमन मात्र प्रत्येक पिढीत लागलाच.

घरात वीज आली ती प्रथम छतावरच्या एका बल्बच्या रूपाने. एका खोलीच्या बिऱ्हाडात त्या बल्बची अडचण अशी की तो लावला तर सगळ्यांना जागे राहावे लागते आणि मालवला तर कोणालाच वाचता येत नाही. टेबलावरच्या टोपीवाल्या दिव्याने ही अडचण सोडविली. वही उजेडात, बाकीचे घर अंधारात. मॅट्रिकला बसणारा मुलगा आणि पहाटेच्या पाळीस जाणारा बाप ह्या दोघांना एकाच खोलीत नांदता आले, त्यात ह्या दिव्याचा वाटा आहे.

आता प्रत्यक्ष दिव्याकडे वळू. ज्या दिव्याची नक्कल जगभर झाली, तो 'अँगलपॉइज' हा दिवा जॉर्ज कारवर्डाइन नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाने शोधून काढला. बाथ गावचा हा माणूस लहान वयात कारखान्यात उमेदवारी करून शिकला होता, आणि मोटारगाड्यांना बसणारे धक्के कसे झेलावेत हा त्याच्या कामाचा विषय होता. स्प्रिंगांची अशी योजना करता येईल का, की एखादे वजन कोणत्याही जागी नेऊन सोडले तरी तेथेच स्थिर राहावे, ह्या प्रश्नामागे तो लागला होता. १९३२ मध्ये त्याने ह्या योजनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. आपल्या हाताचे उदाहरण घ्या. खांदा, कोपर आणि मनगट ह्यांच्या स्नायूंनी हात हवा तेथे थांबतो. कारवर्डाइनच्या दिव्यात स्नायूंचे काम स्प्रिंगांनी केले. बोटाने ढकलावा आणि सोडून द्यावा, दिवा तेथेच राहतो. ह्या स्प्रिंगा रेडिच गावच्या 'हर्बर्ट टेरी अँड सन्स' ह्या कारखान्याने केल्या आणि पुढे दिव्याचे उत्पादनही त्याच कारखान्याने हाती घेतले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा दिवा प्रथम दिवाणखान्यासाठी नव्हताच. चार स्प्रिंगांचा पहिला नमुना कारखान्यातील कामकऱ्याच्या टेबलासाठी होता, कारण बारीक काम करणाऱ्याला उजेड नेमका कामावर लागतो. १९३५ मध्ये तीन स्प्रिंगांचा '१२२७' हा नमुना घरगुती वापरासाठी निघाला. नॉर्वेच्या याकोब याकोब्सेनने ह्या योजनेचे हक्क घेऊन १९३७ मध्ये 'लुक्सो' दिवा काढला. पिक्सार कंपनीच्या १९८६ च्या छोट्या चित्रपटात उड्या मारणारा दिवा तो हाच. फ्रान्समध्ये लिओं येथे झाँ-लुई दोमेक ह्या यंत्रकाराने १९५० च्या सुमारास आपल्याच कारखान्यासाठी एक दणकट दिवा आखला. सांध्यांतून तारा नेल्या की त्या पिळून तुटतात, म्हणून त्याने सांध्यांत तारच ठेवली नाही, वीज धातूच्या संपर्कांमधून नेली. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून दिव्याला 'जिल्दे' हे नाव पडले. आज हे सारे दिवे 'डिझायनर' म्हणून विकले जातात. २००९ मध्ये ब्रिटिश टपालखात्याने अँगलपॉइजचे तिकीटही काढले. लेथच्या शेजारी तेलाच्या डागांत उभा राहिलेला दिवा असा मानकरी झाला. त्याखाली काम करणाऱ्याचे चित्र कोणत्याही तिकिटावर आले नाही, ह्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु नोंद केलेली बरी.

हत्याराचा दागिना कसा होतो, ह्याचे आपल्या देशातील सर्वांत ठळक उदाहरण चंडीगढचे आहे. १९५० नंतर ल कॉर्ब्युझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जाँनरे ह्यांनी ते शहर उभे केले. सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये आणि वसतिगृहे ह्यांच्यासाठी जाँनरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खुर्च्या, टेबले, कपाटे आखली, आणि ती सागवानात घडविली आपल्या येथील सुतारांनी. चाळीस-पन्नास वर्षांनी त्या खुर्च्या मोडकळीस आल्या, गच्चीवर आणि व्हरांड्यात ढीग लागले, आणि सरकारी रिवाजाप्रमाणे त्यांचा लिलाव झाला. परदेशी व्यापाऱ्यांनी ते ढीग उचलले, दुरुस्त केले, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील लिलावगृहांत त्याच खुर्च्या लाखो रुपयांस गेल्या. आपला १९७२ चा पुरावस्तूंविषयीचा कायदा सामान्यतः शंभर वर्षांच्या वरच्या वस्तूंना लागू होतो. पन्नास वर्षांची खुर्ची त्यात बसत नाही. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने ह्या सामानाची विक्री आणि निर्यात थांबविण्याचा आदेश काढला, पण तोपर्यंत पुष्कळ माल बाहेर गेला होता. लिलावाच्या सूचीत आखणाऱ्याचे नाव असते. सुताराचे नाव बहुधा नसते, कारण ते कोणी लिहूनच ठेवले नाही.

मुंबईतही हेच लहान प्रमाणात घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रे भंगारात गेली. लाकडी बॉबिन, कप्प्या, पत्र्याच्या टोपीचे मोठे दिवे हे सामान मात्र फिरत फिरत उपाहारगृहांच्या सजावटीत येऊन बसले. ज्या दिव्याखाली साच्यावर उभे राहून आयुष्य गेले, त्याच दिव्याखाली कामगाराचा नातू कॉफीचे कप उचलतो, हे दृश्य ह्या शहरात अशक्य नाही.

आता बाजाराचा इतिहास. जुन्या वस्तूंचा व्यापार आपल्याला नवा नाही. बोहारणीला जुनी साडी देऊन पातेले घेणाऱ्या आपल्या आया-आज्या घासाघिशीत कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. भेंडीबाजाराजवळच्या मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार तर जगप्रसिद्ध आहे. जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, आणि तेथे खरे जुने व नव्याने जुने केलेले शेजारी शेजारी नांदते. ह्या बाजारांचा कायदा एकच होता: ज्याला कळते तो कमावतो. भाव दुकानदाराच्या डोक्यात असे, आणि गिऱ्हाइकाच्या चपला पाहून तो बदलत असे.

इंटरनेटने ह्यात फरक केला. २००० च्या सुमारास मुंबईत 'बाझी डॉट कॉम' हा लिलावाचा ऑनलाइन बाजार निघाला. २००४ मध्ये अमेरिकेच्या 'ईबे' कंपनीने तो सुमारे ५ कोटी डॉलरना विकत घेतला. त्याच वर्षी एका विक्रेत्याने तेथे बेकायदेशीर चित्रफीत विकावयास ठेवली आणि बाजाराच्या प्रमुखालाच अटक झाली. बाजारात बसलेल्या विक्रेत्याच्या अपराधाला बाजार चालविणारा कितपत जबाबदार, हा वाद त्यातून पेटला, आणि २००८ च्या दुरुस्तीने माहिती-तंत्रज्ञान कायद्यात काही अटींवर मध्यस्थाला संरक्षण मिळाले. ईबेचे भारतातील संकेतस्थळ २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाले. दरम्यान 'क्विकर' आणि 'ओएलएक्स' ह्यांनी शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकावे असा बाजार मांडला, आणि 'सॅफ्रनआर्ट'सारख्या मुंबईच्याच संस्थेने कलाकृतींचा लिलाव इंटरनेटवर नेला. २०२० मध्ये ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्सविषयक नियम आले. तथापि जो मनुष्य धंदा म्हणून नव्हे तर आपल्या घरातली एखादी वस्तू विकतो, त्याला ते नियम लागू होत नाहीत. म्हणजे अशा सौद्यात विकणाऱ्याचा प्रामाणिकपणा हाच घेणाऱ्याचा पहिला आधार.

श्रोतेहो, ह्या नव्या बाजाराची निंदा करणाऱ्यांत मी नाही. त्याने एक मोठे काम केले आहे. दुकानदाराच्या डोक्यातला भाव त्याने चव्हाट्यावर आणला. सांताक्रूझच्या गृहिणीला घरबसल्या कळू शकते की आपल्या माळ्यावरचा दिवा परदेशात किती पैशांना जातो. मात्र मागितलेला भाव आणि मिळालेला भाव ह्यांत गल्लत करू नये. पडद्यावर पन्नास हजार मागणारे पुष्कळ असतात. विकले गेलेल्या वस्तूंचे भाव पाहावेत, कारण सौदा झाला तोच भाव खरा. हे युनियनच्या माणसाला सांगावे लागत नाही. मागणीपत्रातला पगार आणि करारातला पगार ह्यांत किती अंतर असते, ते आम्ही जाणतो.

ज्याला असा दिवा विकावयाचा आहे त्याने काय करावे? पहिली गोष्ट, घासू नये. जुना रंग, पितळेवरचा काळपटपणा, पायावरचा कारखान्याचा ठसा हीच वस्तूची कागदपत्रे होत. नवा रंग चढवून ती फाडून टाकू नयेत. पाया उलटा करून ठसा वाचावा. अँगलपॉइज असेल तर हर्बर्ट टेरीचे आणि रेडिचचे नाव सापडावे. '१२२७' च्या चौकोनी पायाला पायऱ्या तीन की दोन, ह्यावरून जाणकार त्याचा काळ ओळखतात, कारण तीन पायऱ्यांचा पाया आधीचा आहे. स्प्रिंगा मूळच्या आहेत का, टोपी दुसऱ्या दिव्याची तर नाही ना, हेही पाहावे. ठसा नसेल तर 'ठसा नाही' असे लिहावे, 'बहुधा अमक्याचा' असे लिहू नये. नक्कल वाईटच असते असे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या आरेखनाचा हक्क फार तर पंधरा वर्षे टिकतो, तेव्हा जुन्या नमुन्यावरून नवा दिवा करणे हा सामान्यतः गुन्हा ठरत नाही. परंतु नक्कल अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि ती पडद्याआड केल्याने सौम्य होत नाही.

दुसरी गोष्ट विजेची. जुन्या दिव्यांच्या तारांवर रबर आणि वर सुताचे वेष्टण असे. सत्तर वर्षांत ते रबर वाळून तडकते, आणि धातूच्या दांड्यात वीज उतरण्याचा धोका राहतो. पुष्कळ दिव्यांना अर्थिंगची तार नसतेच. अमेरिकेतून आलेला दिवा तेथील सुमारे ११० ते १२० व्होल्टसाठी असतो, आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. म्हणून चांगल्या वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय दिवा लावूनही पाहू नये. तारा बदलल्या असतील तर तसे स्पष्ट लिहावे. सजावटीची वस्तू विकताना घेणाऱ्याच्या जिवाशी खेळण्याचा हक्क कोणाला नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. दिवा विकण्यास ठेवताच 'मी सैन्यात आहे, दिवा न पाहताच घेतो, पैसे पाठविण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा' असा निरोप येण्याचा संभव असतो. हा लुबाडण्याचा ठरलेला मार्ग झाला आहे. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो देताना, एवढे सूत्र पाठ करावे. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. दिवा पाठविताना बल्ब काढावा, हात घडी करून बांधावा, आणि जड पाया वेगळा गुंडाळावा. नाही तर वाटेत पायाच टोपी फोडतो.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न. किलोचा भाव आणि नगाचा भाव ह्यांतील अंतर कोणाच्या कष्टाचे? दिवा घडविणाऱ्याची मजुरी केव्हाच चुकती झाली, आणि तो आज हयातही नसेल. परंतु पोटमाळ्यापासून पांढऱ्या भिंतीपर्यंतच्या वाटेवर जी माणसे आहेत ती हयात आहेत: दारोदार फिरणारा भंगारवाला, ढिगातून दिवा वेगळा काढणारी बाई, तारा बदलणारा मिस्त्री, खोके घेऊन चार मजले चढणारा पोऱ्या. ढिगातून वस्तू ओळखून बाजूला काढणे हे डोळसपणाचे काम आहे, आणि संग्रहालयातला अधिकारी वेगळे काय करतो? ह्या माणसांना संघटित करता येते, हे महाराष्ट्राने दाखविले आहे. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. ज्यांना लोक चोर समजून हाकलीत, त्यांना ओळखपत्र मिळाले, आणि पुढे 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेच्या रूपाने महापालिकेशी करार करण्याची पत मिळाली. वजनाचा भाव त्यांनी वाढवून मागितला, पण त्याहून मोठी मागणी होती ती ह्या कामाला कसब म्हणून मान्यता मिळावी ही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या सोसायट्या पुनर्विकासात जात आहेत, त्यांनी घरे रिकामी करण्यापूर्वी एक रविवार माळ्यावरचे सामान खाली अंगणात मांडावे. जाणकार बोलवावा, वायरमन बोलवावा, आणि भंगारवाल्यालाही मानाने बोलवावे. ज्याने वस्तू ओळखली त्याला तिच्या विक्रीतला वाटा आधी ठरवून द्यावा. आणि प्रत्येक वस्तूबरोबर चार ओळी लिहून ठेवाव्यात: हा दिवा कोणी घेतला, कोणत्या पगारातून घेतला, त्याखाली कोण शिकले, कोणाचे हिशेब झाले. खोट्या दिव्याला असा इतिहास नसतो, तेव्हा अस्सलपणाला ह्याहून बळकट आधार क्वचितच मिळेल. त्या चार ओळींनी दिव्याची किंमत वाढली तर आनंदच आहे. न वाढली तरी ज्यांची नावे कोणत्याही सूचीत येत नाहीत त्यांची एक ओळ कोठेतरी राहील.

वस्तू विकण्यात कमीपणा नाही. गरजेला आजोबांचा दिवा विकावा लागला तर आजोबांनाही वाईट वाटणार नाही, कारण त्यांनी तो गरजेसाठीच घेतला होता. फक्त तो विकताना तो काय आहे हे ठाऊक असावे, आणि जे ठाऊक आहे ते घेणाऱ्याला खरे सांगावे. अज्ञानाने विकलेल्या वस्तूचा नफा दुसऱ्याच्या घरी जातो, आणि खोटेपणाने विकलेल्या वस्तूचा नफा आपल्या घरी टिकत नाही.